स्क्रीन दाखवणे: नको

माझा नवरा कौस्तुभ पुण्याचा आहे, हे त्याच्या कम्प्युटरवरूनही कळतं. बाकी जग तयार ब्राउझर उतरवून घेतं. हा लिनक्सवर तो मूळ कोडपासून घरीच बांधतो, आणि बांधताना जे जे 'लागत नाही' ते बंद करतो. खोलीतून निघताना पंखा बंद करावा तितक्या निष्ठेने. मी सिकंदराबादजवळच्या काचीगुड्याची. आमच्याकडे पंखे चालूच असतात.

लग्नानंतर दोन वर्षं घरी बसल्यावर मला एक इंटरव्ह्यू आला. दुपारी चारला, घरूनच. आपली स्क्रीन दाखवत प्रोग्रॅम लिहायचा. माझा लॅपटॉप गेल्या महिन्यात वारला होता, म्हणून कौस्तुभच्या कम्प्युटरवरून अकरा वाजता सिकंदराबादच्या मामेबहिणीला, रेणूला, कॉल लावून रंगीत तालीम केली. तिला माझा आवाज आला, पण स्क्रीनच्या जागी नुसतं काळं दिसलं.

कौस्तुभला ऑफिसात फोन केला, तर त्याने तीन फोरमच्या लिंका पाठवल्या. तिथे जगभरची माणसं एकमेकांची अक्कल काढत होती. पाऊण तास फुकट गेला. शेवटी वैतागून मी कम्प्युटरकडेच ब्राउझरच्या पॅकेजची चौकशी केली: 'इक्वेरी युझेस' ही कमांड आणि पुढे ब्राउझरचं नाव. बांधणीचे सगळे पर्याय एकाखाली एक आले, प्रत्येकाचा अर्थ एका ओळीत, आधी अधिक किंवा उणे. स्क्रीन दाखवण्याच्या पर्यायाला उणे होतं, म्हणजे बंद.

ते बदलायला सेटिंगची फाइल उघडली, तर प्रत्येक उण्यावर साहेबांची टीप, तारखेसकट. 'छपाई: नको. कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे.' आणि आमच्या लग्नानंतर दहाव्या दिवशीची: 'स्क्रीन दाखवणे: नको. आता अपर्णा शेजारी बसून बघते.'

बसत होते खरी, जांभया दाबत. पण इतकं गोड तो मला तोंडावर कधी बोललेला नाही. मला भरून आलं, आणि त्याच वेळी डोकंही फिरलं. मलाही कुणाला काही दाखवायचं असेल, हे याच्या गावीही नव्हतं. पुन्हा फोन लावला.

"स्क्रीनचं कायकू बंद केलास रे?"

"लागत नव्हतं ना."

"तुला."

मी फोन ठेवला, उणं खोडलं आणि त्याच्या टिपेखाली माझी लिहिली: 'अपर्णाला लागतं. विचारायचं होतं.' मग बांधणी सुरू केली. ती साडेतीन तास चालली. तेवढ्यात मी जेवले नाही, नखं मात्र खाल्ली. चारला दहा कमी असताना रेणू म्हणाली, दिसतंय. इंटरव्ह्यू बरा झाला. पुढच्या फेरीला बोलावलंय.

संध्याकाळी कौस्तुभ आला, बूटही न काढता त्याने ती फाइल वाचली. मग माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि वरून सुरुवात केली.

"छपाई?"

"नक्को."

"ब्लूटूथ?"

"हौ."

एक्केचाळीस पर्याय होते. निम्मे मला कळलेही नाहीत, आणि तो समजावत बसलाही नाही. पण मी उत्तर दिल्याशिवाय एकही ओळ त्याने पुढे सरकवली नाही.