तबल्याच्या वहीतली दोन रिकामी घरे

मी एक जुनी वही आहे, तबल्याचे बोल लिहिलेली. मित्रांनो, माझी पाने सुटली आहेत, कडा कसरीने खाल्ल्या आहेत; पण म्हणून कुणी मला रद्दीत काढायला निघाले, तर मी गप्प बसणारी नाही.

औरंगपुऱ्यात एका माडीवर अन्सारचाचांचा तबल्याचा वर्ग आहे. त्यांच्या उस्तादांना बोल लिहून ठेवणे मुळीच पसंत नव्हते. चाचांनी मात्र हट्टाने मला आणले आणि पानोपानी तीनतालाची सोळा-सोळा घरे आखली. एक घर म्हणजे एक मात्रा. पहिल्या घराखाली समेची फुली, नवव्याखाली ‘खाली’चे, म्हणजे कालाचे, शून्य. हात थांबवायचा तिथे ‘ऽ’ अशी वाकडी खूण. माझ्यावर चहाचा कप ठेवला म्हणून त्यांनी एकदा एका बड्या साहेबालाही झापले होते!

आता चाचांचे हात कापतात. त्यांनी बांधलेल्या रचना फक्त माझ्यात उरल्या आहेत. त्यांचा शागीर्द शिवराज याने त्या संगणकावर उतरवल्या, झकास छापून आणल्या आणि मला रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकले. मला असा संताप आला म्हणता!

वर्गात शिकणारी पुंडलिकनगरची तनुजा छापील पानावरून तिहाई वाजवू लागली. समेपासून सुरुवात, ‘तिट कत गदि गन धा’ तीनदा, आणि तिसरा धा पुढच्या समेवर पडायला हवा. तो दोन मात्रा आधीच पडला. पुन्हा वाजवले, पुन्हा तेच.

“चाचांचंच चुकलं असंल,” शिवराज पुटपुटला.

चाचांचा चेहरा उतरला. “हात गेले. आता हिसाबबी गेला काय माझा?”

तनुजाने मला गठ्ठ्यावरून ओढून घेतले. “पहिल्या दोन्ही धांच्या पुढं ही वाकडी खूण हाय. छापलेल्यात नाय.”

“त्या घरात काहीच वाजत नाय, म्हणून काढलं मी,” शिवराज म्हणाला.

“वाजत नाय, पण मोजायचं असतंय ना, बेटा!” चाचा कडाडले. “पाच, एक, पाच, एक, पाच. झाले सतरा. सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम!”

तनुजाने मला समोर ठेवून वाजवले. तिसरा धा नेमका समेवर पडला. चाचांनी कापऱ्या हातांनी टाळी दिली. शिवराज पेन घेऊन छापील पान दुरुस्त करायला बसला.

मित्रांनो, माझ्या हजार प्रती काढा, माझी ना नाही. पण मला टाकण्याआधी माझे एकेक घर मोजा, रिकामेसुद्धा. माझ्या चाचांचा हिशेब चुकलेला नव्हता, आणि हे ठणकावून सांगायला मी अजून शाबूत आहे.