चांगुणाच्या मीटरची तपासणी
खुटबावात साहेबराव आणि मच्छिंद्र या भावांची एकाहत्तर साली वाटणी झाली, तेव्हा घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. ओसरी तेवढी सामाईक ठेवली आणि तिथल्या लाकडी फळीवर दोघांची विजेची मीटरं शेजारी शेजारी बसली. झालं, थोरल्या साहेबरावाच्या बायकोला, चांगुणाला, कायमचा उद्योग मिळाला. तांदूळ निवडायला म्हणून ती ओसरीवर बसायची, पण डोळे तांदळात नसायचे. मीटरच्या काचेआड चकती फिरते, तिच्यावरची तांबडी खूण किती वेळा समोर येते ते ती मोजायची. तिची चकती पळायची. धाकट्या जावेची, सोजरची, रमतगमत चालायची.

बिलंही तशीच येत. चांगुणाकडे दोन दिवे, बिल चौदा रुपये. सोजरकडे दोन दिवे आणि वर रेडिओ, तरी बिल सहा. भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं की चांगुणाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सोजर मीटरला काहीतरी करते, असं ती आळीभर सांगत सुटली होती.

खरं सांगायचं तर मीटर हे निमित्त. दुखणं जुनं होतं. वाटणीच्या दिवशी पंचांनी सासूला, पार्वतीबाईंना, विचारलं होतं की तुम्ही कुणाकडे राहणार. बारा वर्षं चांगुणानं म्हातारीचे पाय चेपले होते, दुखण्याखुपण्यात उशाशी बसून रात्री काढल्या होत्या. सोजरला तर लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. आणि म्हातारीनं धाकट्याच्या बाजूला बोट दाखवलं. तेव्हापासून सोजर म्हातारीची वेणी घालताना दिसली की चांगुणाला घास गोड लागत नसे. सासू तर गेलीच, आता बिलात तरी हार खायची नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

साहेबरावाकडे बिलाचा विषय काढला की तो उठून गोठ्यात जायचा. शेवटी पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात ती स्वतःच एसटीनं यवतच्या वीज कचेरीत गेली आणि मीटर तपासणीची फी भरून आली.

आठ दिवसांनी इनुस वायरमन तपासणीचं मीटर घेऊन हजर झाला. बघायला निम्मी आळी जमली. त्यानं आपलं मीटर चांगुणाच्या मीटरला जोडलं, तासभर दोन्ही ताडून पाहिली. चांगुणाच्या मीटरमध्ये तसूभरही फरक नव्हता. मग त्यानं तिला घरातले सगळे दिवे बंद करायला लावले. चकती फिरतच होती.

चांगुणानं सगळ्यांकडे विजयी नजरेनं पाहिलं. इनुस मात्र मान हलवत म्हणाला की मीटर खोटं बोलत नाही, तुमच्या विजेवर कुठंतरी काहीतरी चालू आहे. साहेबराव म्हणाला, राहू द्या आता, मिळालं उत्तर. पण त्याचं ऐकतो कोण? इनुस शिडी लावून तुळईवर चढला. चुलीच्या धुरानं काळी पडलेली एक वायर त्याला सापडली. ती तुळईवरून सरळ जाऊन भिंतीच्या भोकातून पलीकडे उतरली होती. पलीकडे पार्वतीबाईंची बिनखिडकीची खोली. म्हातारीची नजर अधू झाली होती आणि तिथला साठचा बल्ब दिवसरात्र जळत असे.

"तोडू का, वैनी?" इनुसनं वरून विचारलं.

साहेबराव तिला जरा थांब म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तोडा," ती म्हणाली. "जेवायचं तिकडं, तर दिवाबी तिकडचाच लावा म्हणावं."

पक्कड चालली. चकती थांबली. चार वर्षांत पहिल्यांदाच चांगुणाच्या काळजात गार वाटलं.

तेवढ्यात पार्वतीबाई भिंत चाचपडत ओसरीवर आल्या.

"दिवा गेला गं, चांगुणे. तू तोडलास व्हय?" त्या उंबऱ्यावर टेकल्या. "साहेबरावला मीच म्हणले व्हते. तुझ्या अंगावर चार पोरं, जनावरं, त्यात माझं कुठं करत बसशील, म्हणून जेवायला धाकटीकडं गेले. पण दिवा मातर थोरलीचाच ठेव म्हणलं. आजवर तुझ्याच उजेडात बसले, बाई."

सोजरनं हळूच मच्छिंद्राला वायर आणायला पाठवलं आणि आलाच आहात तर आमच्या बाजूनं जोडून द्या, असं इनुसला सांगितलं. पाव तासात म्हातारीच्या खोलीत उजेड झाला. सोजर सासूचा हात धरून तिला आत घेऊन गेली. आता सासूबरोबर दिवाही त्या सोजरचा झाला होता.

लोक पांगले. इनुस हत्यारं पिशवीत भरत होता. चांगुणा त्याच्याजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाली, "माझी वायर परत जोडा, भाऊ. बिल किती का येईना."

"आता तिकडनं जोडलीय, वैनी. एका दिव्याला दोन घरची लाइन देता येत न्हाई."

इनुस सायकलवर टांग टाकून निघून गेला. ती नवऱ्याकडे वळली. "मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तवाच तोडली असतीस."

नसती तोडली, असं तिला म्हणायचं होतं. पण निम्म्या आळीनं तिला वायर तोडायला सांगताना पाहिलं होतं.