रतनबाईंच्या नावाचा खेकडा

मी एक जुना खेकडा आहे. दचकू नका मित्रांनो, चिमटा काढायला माझ्याकडे नांगीच नाही. नगरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटातल्या काचेच्या बरणीत माझा मुक्काम असतो.

पूर्वी मी तिसगावजवळच्या एका ओढ्याकाठी बिळात राहत होतो. रतनबाईंनी मला रश्शासाठी पकडलं आणि सवयीप्रमाणे आधी दोन्ही नांग्या मोडल्या. तेवढ्यात खेकड्यांचा अभ्यास करणारे माधव सर तिथे आले. असा खेकडा त्यांनी कधी पाहिला नव्हता. बाईंनी मला आनंदाने देऊन टाकलं आणि मी पातेल्याऐवजी स्पिरिटच्या बरणीत गेलो. सरांनी आमची जात नवी ठरवून तिला रतनबाईंचं नाव दिलं. त्या नावाचा मूळ नमुना म्हणजे मी. पुढे कुणाला शंका आली, तर त्याने मलाच तपासायचं. गावाने बाईंचा सत्कार केला आणि इकडे मला आकाश ठेंगणं झालं.

पण नव्याचे नऊ दिवस. सर निवृत्त झाले, बरणीतलं स्पिरिट हळूहळू उडून गेलं आणि मी पापडासारखा वाळलो. कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. फार वाईट वाटायचं.

यंदा परगावच्या अभ्यासक लीनाताईंनी शंका काढली की ही जात नवी नसून आधीच नाव दिलेली एक जात आहे. तसं ठरलं, तर नियमाने जुनं नाव राहणार आणि रतनबाईंचं जाणार. खरी ओळख पटते ती नराच्या पोटाखालच्या काडीएवढ्या अवयवाच्या टोकावरून. ते टोक मोडलं, तर सगळंच मुसळ केरात.

सरांच्या विद्यार्थिनी प्रणिता मॅडम आता याच कॉलेजात शिकवतात. त्यांनी मला कोमट साबणपाण्यात निवांत भिजू दिलं, मग हलक्या हाताने पोटाची घडी उचलली. मला तपासायला आलेल्या लीनाताईंनी भिंगातून पाहिलं. टोक शाबूत होतं आणि जुन्या जातीपेक्षा निराळंच वळलेलं होतं.

"माझी शंका फिटली," त्या हसून म्हणाल्या. "नाव राहील."

रतनबाई मला बघायला मुद्दाम एसटीने आल्या. मी कसा वाळलो होतो, ते मॅडमनी त्यांना खरंखरं सांगितलं. बाई बरणीजवळ वाकल्या.

"दारात आल्याला आमी आदी पानी इचारतो," त्या म्हणाल्या. "तुमी माज्या नावाच्या पाव्हन्याला कोरडाच ठिवला व्हय?"

मॅडमनी बरणी स्पिरिटने काठोकाठ भरली. मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या कपाटात माझे भाऊबंद असतील. त्यांना बोलता येत नाही, पण तहान लागते. तेवढं बघत जा.