बाइंडरचे थांबलेले तास

"हे 'थांबलो' म्हणजे काय प्रकार आहे?" संचालकांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि त्यावर बोट ठेवलं. "दहा ते साडेदहा, खळ शिजवली. साडेदहा ते बारा, थांबलो. दुपारी पुन्हा थांबलो. मंगळवारी तर तीनदा. हा माणूस नोकरी करतो की बसची वाट बघतो?"

बाईंनी कागद न बघताच ओळखला. संग्रहालय आणि त्याला जोडलेलं संशोधन ग्रंथालय मिळून एकशे चौदा माणसं. त्यांच्या नेमणुका, रजा, बढत्या, रुसवेफुगवे आणि निरोप, सगळं बाईंच्या टेबलावरून जायचं. दारावरच्या पाटीवर 'मनुष्यबळ विभागप्रमुख' असं लांबलचक लिहिलेलं होतं, पण इमारतीत सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे.

"सर, ते आपले बाइंडर आहेत. तळघरात जुनी पुस्तकं दुरुस्त करतात. फाटक्या पानाला खळ लावली की ते वाळेपर्यंत..."

"तेवढ्यात दुसरं काही करता येत नाही?"

"करतात ना. पण काही पानं इतकी जीर्ण असतात की सोडून उठताच येत नाही. जरा नजर हलली की सुरकुती पडते."

"मग 'देखरेख केली' असं लिहायचं! 'थांबलो' कशाला लिहिलं?"

याचं उत्तर बाईंना पक्कं माहीत होतं.

सहा महिन्यांपूर्वी तो तक्ता त्यांनीच तयार केला होता. विश्वस्तांना हवं होतं, कोण दिवसभर काय करतं ते. प्रत्येकाने दोन आठवडे अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशोब लिहायचा. झालं, सगळ्या इमारतीला घाम फुटला. पण माणसं हुशार. दोन दिवसांत सगळ्यांना शब्द सापडले. दालनातल्या पहारेकऱ्यांनी 'अभ्यागत मार्गदर्शन' लिहिलं. ग्रंथपालांनी 'नियोजन', 'समन्वय', 'पाठपुरावा' ही तीन बाटल्यांमधली औषधं आलटून पालटून वापरली. खुद्द बाईंनी चहाच्या कट्ट्यावर पाऊण तास गप्पा मारल्या त्या दिवशी 'कर्मचारी-संवाद' लिहून टाकलं. खोटं नव्हतं ते. अगदी खरंही नव्हतं.

एकटा बाइंडर तक्ता घेऊन वर आला होता. छप्पन्न वर्षांचा, उंच, किंचित वाकलेला माणूस. बोटांच्या टोकांवर कायम खळीचा पांढुरका थर. कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाईंनी एकदा वडिलांचा शब्दकोश बांधायला नेला, तर "संस्थेच्या वेळात खासगी काम नाही करत मी" म्हणून यानं तोंडावर परत दिला होता, आणि रविवारी घरी आणा म्हणाला होता. चहासुद्धा दिला होता त्या रविवारी. पैसे मात्र घेतले नाहीत.

"बाई, हे रकाने कसे भरायचे?" त्यानं उभ्याउभ्याच विचारलं होतं. "ग्रंथपाल म्हणतात 'देखरेख' लिहा. आता खळ वाळते त्याची मी काय देखरेख करणार? ती आपली आपण वाळते. मी थांबतो."

"मग तसंच लिहा."

"नंतर काही भानगड नाही ना होणार?"

"अहो, भानगड कसली? कुणाच्याही नोकरीवर हे येणार नाही. माझा शब्द आहे."

तो शब्द त्यांनी किती सहज दिला होता! एवढ्यावरही थांबल्या नाहीत. पुढच्या बैठकीत बाइंडरचा तक्ता सगळ्यांसमोर हातात धरून म्हणाल्या, "असं लिहा. काही लपवाछपवी नको." शेवटच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाइंडर मात्र कान लाल होईपर्यंत लाजला होता. पुढे तक्ते वर पाठवताना एक शब्द बदलायचं बाईंच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण दुसऱ्याच्या अक्षरात हात घालायचा म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी तो तसाच पाठवला. तत्त्व म्हणे!

"आठ जागा कमी करायच्यात," संचालक म्हणत होते. "सात ठरल्या. आठवी ही. उत्पादक वेळ अडतीस टक्के. याहून सरळ केस दुसरी नाही."

"सर, बंदराच्या जुन्या वह्यांचं काम चाललंय त्यांच्याकडे. एक्केचाळीस वह्या आहेत. एकोणतीस झाल्या. ते काम येणारा दुसरा माणूस नाही आपल्याकडे."

"बाहेरून करून घेऊ."

"आणि मी त्यांना शब्द दिला होता, की तक्त्यावरून कुणाची नोकरी जाणार नाही."

संचालकांनी चष्मा काढला. ते वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. "बाई, तुम्ही शब्द दिलात. मी दिला होता का? विश्वस्तांनी दिला होता का? बरं, हा नको तर दुसरं नाव द्या. मला कुणीही चालेल. सोमवारपर्यंत सांगा."

शनिवार-रविवार बाईंनी यादी पुढे घेऊन काढले. एकशे चौदा नावं, आणि प्रत्येकाचं सगळं ठाऊक. कुणाची कंबर गेलेली, कुणाची पोर नुकती शाळेत, कोण कामचुकार पण तोंडाळ, म्हणजे युनियन दारात उभी करणारा. हा नको म्हणावं तर तो कसा द्यायचा? पहारेकऱ्यांमधला एक तर चक्क खुर्चीत डुलक्या काढायचा. पण त्याच्या तक्त्यात डुलकीचं नाव 'दालन निरीक्षण' होतं, आणि ते खोटं ठरवायचं तर आधी स्वतःचा 'कर्मचारी-संवाद' बाहेर काढावा लागला असता.

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस?" नवरा म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला होता आणि दुपारी कुंड्यांना रंग देत बसायचा. "सरळ लेखी दे, की मला हे मान्य नाही. काय करतील?"

"काय करतील म्हणजे? मलाही काढतील."

"काढू देत. कुंड्या रंगव माझ्याबरोबर."

तो थट्टेत म्हणाला. पण बाईंनी खरंच दोन पानांचं टिपण लिहिलं. त्यात सगळं होतं: बाइंडरला दिलेला शब्द, बंदराच्या वह्या, खळ वाळायला लागणारा वेळ. लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं तेवढं. सोमवारी ते त्यांनी संचालकांच्या हातात दिलं.

संचालकांनी ते पूर्ण वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "छान लिहिलंय. पण हे फाइलला लागलं तर विश्वस्त विचारतील, की तक्ते भरवताना यांनी भलतीच आश्वासनं दिलीच का? मग प्रश्न बाइंडरचा राहणार नाही, तुमचा होईल. तुमची तीन वर्षं राहिलीत ना? मी हे पाहिलंच नाही असं समजतो. घेऊन जा."

आणि बाई घेऊन आल्या. कुणी हात पिरगाळला नव्हता, कुणी आवाज चढवला नव्हता. दोन पानं घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवली, आपल्या खोलीत आल्या आणि आठव्या पत्रावर सही केली. नेहमीसारखीच झाली.

पत्र द्यायला त्या स्वतः तळघरात गेल्या. निदान तेवढं तरी, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

बाइंडर लांब टेबलाशी बसला होता. पुढ्यात बंदराची वही उघडी, एका पानाच्या फाटलेल्या कडेवर झिरझिरीत कागदाची पट्टी नुकतीच चिकटवलेली. बाजूला लोखंडी शिकंज्यात आवळून ठेवलेल्या दोन वह्या. त्यानं मान वर केली नाही, नुसता हात वर केला. थांबा, या अर्थी.

बाई थांबल्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. तो पानाच्या कडेकडे बघत होता आणि मध्येच हाडाच्या पट्टीनं एखादी जागा इतकी हलके दाबत होता, की दाबली की नाही तेही कळू नये. बाईंना एकदम भडभडून आलं. हे बघायला संचालकांना एकदा खाली आणलं असतं तर? का नाही आणलं? सुचलंच नाही, हे खोटं. सुचलं होतं.

"बोला," तो म्हणाला.

त्यांनी पत्र दिलं. त्यानं हात पुसले, उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"महिनाअखेर?"

"हो."

"शिकंज्यात दोन आहेत. त्या निघतील तोवर. पण दहा राहतात."

"बाहेरून करून घेणार आहेत."

"बाहेरचे गोंद लावतात. चाळीस वर्षांनी पान तडकतं." हे तो पत्राशी बोलल्यासारखं बोलला. मग वर बघत म्हणाला, "त्या तक्त्यावरून झालं का हे?"

"नाही, नाही. तसं काही नाही. एकूणच पुनर्रचना चाललीये संस्थेची."

"मग हे अडतीस टक्के कुठून आलं?"

पत्रात होतं ते. दुसऱ्या परिच्छेदात, बाईंच्याच सहीच्या वर. तो रागावला असता, टेबलावर मूठ आपटली असती, तर बरं झालं असतं. त्यानं नुसती मान हलवली आणि पट्टी चिकटवलेली जागा पुन्हा तपासायला घेतली.

"वाळलं वाटतं," तो म्हणाला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो बाईंच्या खोलीत आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, बोटं घासून घासून स्वच्छ केलेली. जाणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत घ्यायची पद्धत बाईंनीच संस्थेत आणली होती. माणूस जाता जाता खरं बोलतो, असं त्या तेव्हा विश्वस्तांना मोठ्या हौसेनं पटवून आल्या होत्या. नऊ प्रश्न, तेही त्यांचेच. उत्तरं बाईंनी लिहायची, सही जाणाऱ्यानं करायची.

"कामाची जागा कशी होती?"

"उत्तम."

"अहो, तळघरात ओल यायची म्हणून तुम्ही चार अर्ज केले होते!"

"उत्तम लिहा."

"साधनसामग्री?"

"वेळेवर मिळाली."

"वरिष्ठांचं सहकार्य?"

"पूर्ण मिळालं."

चौथ्या-पाचव्या प्रश्नालाही अशीच उत्तरं आली तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. उठून दार लावलं. "हे बघा, मी आत्ता काही लिहीत नाही. मला शिव्या द्या. तुमच्यामुळे गेली म्हणा. मी वर जाऊन आले होते, पण शेवटी मी घाबरले. हेच खरं आहे. तुम्ही तरी खरं बोला, मी शब्द न शब्द लिहीन. सगळ्या विश्वस्तांपुढे जातो हा कागद."

बाइंडर त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता. अनोळखी माणसानं रस्ता विचारावा आणि आपण जरा मागे सरकावं, तसा तो खुर्चीत मागे सरकला.

"पुढचा प्रश्न काय आहे?" त्यानं विचारलं.

पुढचा प्रश्न सहावा होता. बाईंनी तो वाचला, कारण वाचणं भागच होतं. "नोकरीच्या काळात आपल्याला दिलेली आश्वासनं पाळली गेली का? होय किंवा नाही."

"होय."

"मी 'नाही' लिहिते."

"बाई, उत्तर माझं आहे ना? मग मी सांगतो तेच लिहायचं. होय."

बाईंनी 'होय' लिहिलं. सातवा, आठवा, नववा. संस्थेबद्दल काही सूचना? नाही. पुन्हा इथे काम करायला आवडेल का? आवडेल.

कागद त्यांनी त्याच्यापुढे केला. त्यानं चष्मा लावला आणि वहीचं जीर्ण पान तपासावं तसा तो पहिल्या ओळीपासून वाचला. उत्तम. वेळेवर. पूर्ण. होय. खाली छापलेलं होतं, 'वरील सर्व माहिती खरी आहे.' त्या ओळीवर तो क्षणभर अडला. मग बाईंकडे न बघता त्यानं त्याखाली सही केली, वळणदार, पूर्ण नावाची, आणि कागद उलटा फिरवून, वाचायला सोपा पडेल असा, त्यांच्यासमोर ठेवला.