घरातलं इंग्रजी

इंग्रजीचं एकही स्पेलिंग जुळाऱ्याला आयुष्यात चकवू शकलं नाही, आणि एकही उच्चार त्याला धड साधला नाही. पहिली गोष्ट सगळ्या छापखान्याला ठाऊक होती. दुसरी त्याला एकाहत्तराव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलीच नव्हती.

छापखान्यात तो शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचा, म्हणून जुळारी. समोर बारीक बारीक खणांची लाकडी पेटी, डाव्या हातात पट्टी, आणि उजवा हात एकेक अक्षर उचलून पट्टीत उभं करत जायचा. चाळीस वर्षं हेच. शाळा सातवीत सुटलेली, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाशी कधी गाठ पडली नाही. त्यामुळे इंग्रजी त्याच्या कानांतून आत आलंच नाही, ते थेट बोटांतून आलं. आता बोटांना काय कळणार, की ‘नाइफ’मधला पहिला के नुसता अळीमिळी गुपचिळी करून बसलाय? त्या के चं शिसंही इतर अक्षरांइतकंच जड. ठेवलंय म्हणजे बोललंच पाहिजे, असा त्याचा सरळ न्याय होता. म्हणून तो क्नाइफे म्हणायचा, आयलंडला इस्लँड म्हणायचा आणि सैन्यातल्या कर्नलला कोलोनेल. खरं विचाराल तर यात चुकलं कुणाचं? हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, तशी ही भाषा. तिच्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा.

टीव्हीवरची माणसं वेगळं बोलतात हे त्यालाही ऐकू यायचं. पण ती आळशी आहेत, अर्धी अक्षरं गिळतात, असं त्याचं ठाम मत होतं.

बायको गेली तेव्हा लेक सहा वर्षांची होती. संध्याकाळी तो छापखान्यातून फुकट गेलेले कागद घडी करून आणायचा, एका बाजूला छापलेले, आणि दोघं दिव्याखाली बसून ते मोठ्यानं वाचायची. औषधांची पत्रकं, कॉलेजचे नियम, डॉक्टरांची जाडजूड पुस्तकं, जे हाती लागेल ते. पोरीनं एखादं अक्षर गाळलं की तो बोट ठेवायचा. “हे काय, उपाशी ठेवलंस याला?” ती हसून पुन्हा वाचायची. आता लेक अडतिशीला आली होती, एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची, आणि बापाजवळच राहायची. त्याचे डोळे अधू झाल्यापासून रोज संध्याकाळी ती त्याला इंग्रजी पेपर वाचून दाखवी. क्नाइफेला क्नाइफे, कोलोनेलला कोलोनेल. डोळे मिटून ऐकताना त्याला वाटायचं, आपण हिला दुसरं काही देऊ शकलो नाही, पण एवढं मात्र चोख दिलं.

मग घास अडकायला लागला. आधी पोळी अडकायची, नंतर भात, नंतर नुसती पेजही. घशातून नळी घालून तपासणी झाली, आणि आठवड्यानं लेक त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी कागद पाहिले, त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवून लेकीशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. लेकीनं इंग्रजीतच उत्तर दिलं. जुळाऱ्याला आधी वाटलं, खोलीत तिसरं कुणी आलंय. आवाज लेकीचा होता, पण बोलणं पाण्यासारखं वाहत होतं, त्यात धरायला कडाच नव्हती. इंग्रजीची हजारो पानं त्यानं या हातांनी उभी केली होती आणि त्याला दहांतला एक शब्द कळेना. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. हीसुद्धा अक्षरं गिळत होती. आणि बाईंना तिचं सगळं कळत होतं.

लेक त्याच्याकडे वळली. “बाबा, सूज आहे आत. औषधानं कमी होईल म्हणतात.”

“बरं,” तो म्हणाला.

रिक्षात ती फाइल छातीशी धरून बसली होती. घरी आल्यावर त्यानं भिंग काढलं आणि हात पुढे केला.

“फाइल ऑफिसात लागणार आहे, विम्यासाठी,” ती म्हणाली आणि तिनं फाइल पिशवीत टाकली.

तेव्हाच त्याला कळून चुकलं. कागदावर त्याला कुणी फसवू शकत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. त्याला अंधारात ठेवायचं तर ते बोलण्यातच, आणि तेही असल्या बोलण्यात. दोन दिवस गेले. मरणाची भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोला. पण त्याहून वाईट हे होतं, की जे काय व्हायचं ते आपल्याला एकट्यानंच अंदाजानं गाठावं लागणार, आणि ही शेजारी बसून सूज, सूज करत राहणार.

तिसऱ्या संध्याकाळी ती पेपर घेऊन बसली. पहिल्याच बातमीत कुठला तरी कर्नल निवृत्त झाला होता. “कोलोनेल,” तिनं वाचलं.

“थांब,” तो म्हणाला. “डॉक्टरीणबाई याला काय म्हणतील?”

तिनं पान उलटायला घेतलं.

“सांग ना.”

“कर्नल.”

“र कुठाय त्यात?”

“नाहीये, बाबा. तरी म्हणतात.”

“सगळेच?”

“सगळेच.”

जुळाऱ्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. “तुला कधी कळलं?”

“आठवीत. बाईंनी धडा वाचायला उभं केलं होतं. मी वाचला. वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“सांगायलाच आले होते घरी. तुम्ही त्या दिवशी कुठल्याशा कवितांच्या पुस्तकाचे कागद आणले होते. रंगीत होते. तुम्ही इतके खूश होतात...” तिनं पेपरची कड सारखी केली. “मग राहूनच गेलं.”

पंचवीस वर्षं राहून गेलं होतं. दिवसा ती जगाचं इंग्रजी बोलायची आणि संध्याकाळी चपला दारात काढाव्यात तसं ते बाहेर काढून आत यायची. त्याला शरम वाटली, आणि तिचा राग आला, आणि तिच्याबद्दल मायाही दाटून आली.

“आता ऐक,” तो म्हणाला. “त्या इंग्रजीत मला कळत नाही आणि मराठीत तू माझ्याशी खोटं बोलतेस. मग आपल्या घरातल्या इंग्रजीत सांग. काय झालंय मला?”

“बाबा, ते तर सगळंच खोटं होतं.”

“उच्चार खोटे असतील. मजकूर खराच वाचायचीस ना?”

लेकीनं पेपर खाली ठेवला. मग लहानपणी दिव्याखाली बसायची तशी ताठ बसून, एकही अक्षर न गाळता, अडखळत म्हणाली, “कान्सेर. ओएसोफागस.”

तो शब्द त्याला डोळ्यांसमोर दिसला. डॉक्टरांच्या पुस्तकात त्यानं तो कितीदा तरी उभा केला होता. अन्ननलिका. त्यानं मान हलवली.

“कापून काढता येईल?”

“नाही. पसरलाय.” ती आता मराठीतच बोलत होती, आणि रडत होती. “चार महिने म्हणाल्या. फार तर पाच.”

“बरं,” तो म्हणाला. या वेळी ते खरोखर ‘बरं’ होतं. निदान आता दोघांनाही तेच माहीत होतं.

त्यानं तिला रडू दिलं. मग पेपर उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि भिंग डोळ्यांशी धरलं. “आता तुझ्यासारखं वाच. त्या डॉक्टरीणबाईंशी बोललीस तसं.”

“तुम्हाला कळणार नाही.”

“न कळू दे. लेक काय बोलते ते एकदा ऐकू तर दे.”

तिनं सुरुवात केली. त्याचं बोट ओळीवर होतं, पण तिचा आवाज ओळीच्या टोकाला पोचायचा तेव्हा बोट मधेच कुठेतरी अडकलेलं असायचं. एखादा ओळखीचा शब्द सापडला की ते थबकायचं आणि पुन्हा मागे पडायचं. पण आवाज गोड होता. ही हे असं बोलते आणि आपण ते कधी ऐकलंच नाही, या विचारानं त्याला भरून आलं.

“त्या वर्गात मी असतो ना,” तो मधेच म्हणाला.

“तर काय केलं असतंत?”

“तुझ्या शेजारी उभा राहिलो असतो. चूक माझी होती, आणि हसले तुला.”

तिनं त्याचा हात धरला. बोट ओळीवरून सुटलं.

“वाच पुढे,” तो म्हणाला, आणि ती वाचत राहिली.