हरलेल्याची बोअर

गावात टीव्ही नव्हता. मुंबईतसुद्धा तो अजून यायचाच होता. पण रेबेकाबाईंनी एका मासिकात वाचलं होतं, की अमेरिकेत अध्यक्षपदाला उभे राहिलेले दोघे टीव्हीवर समोरासमोर वाद घालतात आणि लोक घरबसल्या ते बघून मत कुणाला द्यायचं ते ठरवतात. बाई नगरला बी.एस्सी. झालेल्या, गावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या. कारण नीट समजावून सांगितलं की माणसाला पटतं, यावर त्यांचा गुरुत्वाकर्षणाइतका विश्वास होता.

ग्रामपंचायतीतले काकासाहेब लेकाकडे केडगावला राहायला गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. एरवी त्या जागेकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण दुष्काळ होता, सरकार गावाला एक बोअर देणार होतं आणि ती कुठं घ्यायची यावर पंचायत बरोब्बर निम्मी-निम्मी फाटली होती. निम्मे म्हणत शाळेजवळ, निम्मे म्हणत मारुतीच्या पारापाशी. रिकाम्या जागेवर येईल तो ठरवणार. उभे राहिले दोघे. एक आप्पासाहेब, ज्यांचं दार पारासमोरच उघडायचं. दुसरा सोसायटीचा तरुण सेक्रेटरी कानिफनाथ, जो शाळेच्या बाजूचा होता.

बाईही शाळेच्या बाजूच्या होत्या, पण ते त्या बोलून दाखवत नसत. मधल्या सुट्टीत मुली हंडा घेऊन ओढ्यातल्या झऱ्यावर जायच्या त्या परत यायच्याच नाहीत. चांगुणा तर वर्गातली सगळ्यात हुशार, शाळेचं भिंग हातातून सोडायची नाही. तिची आजी साळूबाई शाळेला लागूनच राहायची आणि तिनं सांगूनच टाकलं होतं, "दिवाळीपस्तोर बगते बाई. मग पोरगी काढून घेनार. तुमच्या त्या भिंगानं हंडा भरत न्हाई."

तेव्हा बाईंनी चावडीपुढे सभा लावली. दोघांनी समोरासमोर बोलायचं, गावानं ऐकायचं. लग्नाचा भोंगा आणला. बाईंनी घंटा हातात घेतली आणि नियम सांगितले, ते कुणीच ऐकले नाहीत.

"टीव्हीवर आसंच आस्तं का बाई?" पुढच्या रांगेतून साळूबाईनं विचारलं.

"साधारण."

"मग तिथं बी मानसं बिड्या वढत बसत्यात?"

कानिफनाथ त्या दिवशी पेटला होता. आप्पांनी "गावाचा इकास" म्हटलं की तो विचारायचा, "कोन्ता इकास आप्पा? तुमच्या गोठ्याचा का?" आप्पांनी म्हटलं, "पारावर देव हाय." तो म्हणाला, "देवाला तहान लागली तर त्यो द्रोणागिरी आनतो, पोरींना हंडा आनावा लागतो." माणसं हसून एकमेकांच्या अंगावर पडली. आप्पांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, भोंग्यानं किंकाळी फोडली, आणि आप्पा दचकून खुर्चीसकट मागं कलंडले. शिट्ट्या झाल्या. कुणीतरी कानिफच्या सदऱ्याला नोट टाचली, कुणी फेटा बांधला, साळूबाईनं स्वतः उठून नारळ दिला.

बाई घरी गेल्या त्या तरंगतच. शाळेजवळ बोअर झालीच, असं त्यांनी मनात धरलं.

मतमोजणीत आप्पासाहेब निवडून आले. थोडक्या मतांनी नाही, दणकून.

बाईंनी साळूबाईला दारातच गाठलं. "तुम्ही तरी मत कुणाला दिलं?"

"आप्पाला."

"अहो, तुमच्या दारात पाणी आलं असतं!"

"आता काय करायचं बाई? पोरानं भरल्या गावात म्हाताऱ्याला उताना पाडला. पोराला फेटा दिला, नारळ दिला. आप्पाला काय मोकळ्या हातानं लावून द्यायचा? त्याला बी कायतरी नगं का?"

बाई घराकडे निघाल्या. मग त्यांना चैत्रातल्या जत्रेची कुस्ती आठवली. दोन पैलवान चिवटपणे झुंजले की पंच हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवायचे आणि इनाम वाटून द्यायचे. कुणी रिकामं घरी गेलं तर जत्रा नासली असं गाव मानायचं. म्हणजे सभा लोकांनी ऐकली होती, निकालही अचूक दिला होता. फक्त जिंकणाऱ्याला बक्षीस आधीच पोचलं होतं, त्यामुळे हरणाऱ्यासाठी मत शिल्लक राहिलं होतं.

प्रयोग फसला नव्हता. बाईंनी तो उलटा वाचला होता.

आठवडाभरानं आप्पासाहेब स्वतः शाळेत आले. खुर्ची मिळाली तरी माणूस सुकला होता. पोरं ओट्यावरून मागं कलंडून दाखवत होती.

"बाई, पुन्यांदा लावा सभा."

"निवडणूक झाली की आप्पा."

"खुर्ची दिली ती कीव करून दिली. मला नारळ पायजे."

बाईंनी फडक्यानं फळा पुसला, सावकाश पुसला. "विषय?"

"कोन्ता बी."

"मग बोअरचाच घेऊ. तुम्ही पाराच्या बाजूनं बोला, मी शाळेच्या. शेवटी गाव हात वर करील, ते तुम्ही मानायचं."

"तुमी बोलनार?" आप्पांचा चेहरा उजळला. बाईंचा आवाज वर्गातल्या तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. "मानलं. मारुतीची आन."

या वेळी बाईंनी खडकाच्या थरांवर सुरुवात केली. मुरूम, मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाषाणापर्यंत येता येता मागच्या रांगा जांभया देऊ लागल्या. एकही शब्द खोटा नव्हता, पण कुणी झोपला तर त्याला त्यांनी उठवलंही नाही. मग आप्पा उठले. खुर्ची त्यांनी आधीच बाजूला सारली होती.

"मंडळी, शाळेपाशी बोअर घेतली तर पोरं दिसभर पानीच पित्याल. शिकत्याल कवा? आन् मग रांग लावून मोकळं व्हायला कुठं जात्याल? बाईंच्या भिंतीला!"

गाव खदखदून हसलं. बाईंच्या जिभेवर उत्तर आलं. नेमकं, धारदार, आप्पांना दुसऱ्यांदा कलंडवील असं. ते सुटलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या, नारळ मिळाला असता आणि चांगुणा दिवाळीनंतर झऱ्यावर असती. बाईंनी ते गिळलं. मान खाली घातली. नाकाचा शेंडा लाल झाला होता, पण तो रागानं, हे फक्त त्यांनाच ठाऊक.

"अरारा," साळूबाई हळहळली, "बाईची पार दातखीळ बसली की!"

आप्पांना फेटा बांधला. नारळ दिला. शिट्ट्या झाल्या, दोन जास्तच झाल्या. आप्पा भोंग्यापाशी उभे राहिले, फेट्याचा शेमला मागं टाकला, आणि त्या भरात त्यांचं मन आभाळाएवढं झालं.

"मंडळी, बाईमानूस हाय. हरली म्हनून मोकळ्या हातानं धाडू नगा. हिला बी कायतरी द्या."

"बोअर द्या!" साळूबाई ओरडली.

हात वर झाले. साळूबाईनं दोन्ही केले.

"एकच हात, साळूबाई," बाई म्हणाल्या.

"दुसरा चांगुणाचा हाय."

फेट्याखाली आप्पासाहेबांच्या कपाळाला एक आठी पडली. काहीतरी हातचं गेलं असं त्यांना वाटत होतं, पण नारळ तर हातातच होता.

बोअरची गाडी आली तेव्हा सगळा गाव शाळेपाशी जमला. यंत्र लावायच्या आधी नारळ फोडायचा होता, आणि तो आणायला सगळेच विसरले होते. कानिफनाथनं आप्पांच्या काखेतल्या नारळाकडे बोट दाखवलं.

"ह्यो न्हाई!" आप्पांनी नारळ छातीशी धरला. "ह्यो जिंकलेला हाय. कानिफ, तुजा आन."

"माझ्याची चटणी झाली आप्पा, कवाच."

शेवटी बाईंनी चांगुणाला दुकानात पिटाळलं, आणि पळत परत ये म्हणून बजावलं. पुढचा तास प्रकाशाच्या परावर्तनाचा होता.