पोरीच्या पोटातले केस

मी दिवसभर लोकांचे केस कापते. पार्लर माझं स्वतःचं आहे, दोन खुर्च्यांचं. कुणाचे केस गळतायत, कुणी घरीच रंग लावून वाट लावलीय, हे गिऱ्हाईक दारात असतानाच मला कळतं. आणि माझ्याच घरात काय चाललं होतं, ते कळलं हॉस्पिटलात. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

पोरगी नऊ वर्षांची. शाळेतून आली की मी घरी पोचेपर्यंत माझ्या धाकट्या बहिणीजवळ असते. बहीण आमच्याकडेच राहते. तिला नवरा नाही, मूलबाळ नाही, आणि पोरीवर जीव इतका की मला हेवा वाटावा. पोरीचं पोट अधूनमधून दुखायचं, दोन घासांत भरायचं. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. बहीण म्हणायची, "शाळा बुडवायची नाटकं गं, ताई." मीही हसण्यावारी न्यायचे.

त्या दुपारी मात्र पोरगी हिरवं हिरवं ओकली आणि पोटाला हात लावू देईना. आम्ही दोघी तिला उचलून घेऊन गेलो.

सर्जनबाईंनी पोट चाचपलं तर बरगड्यांखाली टणक गोळा लागला. त्यांनी पोटाचे फोटो काढायला लावले, ते पाहिले आणि खुर्ची ओढून पोरीशेजारी बसल्या.

"बाळा, तू केस खातेस का गं?"

मला हसूच आलं. पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं मावशीकडे बघितलं, सांगू का असं विचारल्यासारखं. बहिणीनं मान खाली घातली.

"कधीपासून माहितीये तुला?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी कळलं. उपटून खायची. म्हणून तर बारीक केले तिचे केस. वाटलं, सुटेल सवय."

मला सांगितलं होतं, उवा झाल्यात. कापणं वाकडंतिकडं झालं म्हणून मीच बहिणीची टर उडवली होती आणि पोरीला खुर्चीत बसवून ते सरळ केलं होतं. तेव्हा दोघी आरशात बघत गप्प होत्या. केसानं गळा कापणं म्हणतात, तो माझ्याच पार्लरमध्ये कापला गेला होता.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, हिला एक पोर सांभाळता येत नाही. पाळणाघरात घातलं असतंस तिला. मग मी कुणासाठी राहायचं इथं?"

घातलं असतं की. निदान पोट फाडायची वेळ तरी आली नसती.

ऑपरेशनमध्ये केसांचा गोळा निघाला, जठराच्याच आकाराचा. त्याची शेपटी आतड्यात उतरून अडकली होती. "असं फार क्वचित दिसतं," सर्जनबाई म्हणाल्या. "अजून थांबला असतात तर आतडं फाटलं असतं." त्या गेल्यावर मी बहिणीला तिथंच सांगितलं, बॅग भर, मी घरी येईन तेव्हा तिथं दिसू नकोस. ती गेली. मला जराही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी नीट बोलायला लागली. मी तिचा हात हातात घेतला.

"आता काहीही झालं तरी आधी मला सांगायचं. कळलं?"

"मावशी कुठंय?"

"गेली. आता नाही यायची."

तिनं हात सोडवून घेतला.

"मावशी म्हणालीच होती, तुला कळलं की तू तिला हाकलून देशील," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, आई असं नाही करणार."